टाळूची राखण

दुभंगलेल्या ओठाची शस्त्रक्रिया झाली की शिबिराच्या फलकावर आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो झळकतात. दुभंगलेल्या टाळूचा फोटो कोणी लावत नाही. ती आत असते आणि बिघडली तरी आतच बिघडते.

मेहकर-लोणार भागातल्या लेकराची टाळू शिवायची तर अकोला, छत्रपती संभाजीनगर नाहीतर नागपूर गाठावे लागते. समृद्धी महामार्गाने वाट सोपी केली. पैशाचा घोरही पुष्कळ कमी झाला आहे. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत दुभंगलेला ओठ-टाळू हा विकार आहे, लातूरच्या डॉ. विठ्ठल लहाने यांच्यासारख्या सर्जनांनी अशा हजारो शस्त्रक्रिया मोफत केल्या. गरोदर बाईने ग्रहणात विळी हाती धरली म्हणून असे झाले, ही समजूतही आता दबक्या आवाजातच ऐकू येते. अडते ते लेकरू घरी आल्यावर.

टाळू साधारण ९ ते १८ महिन्यांच्या वयात शिवतात. दिसेल ते तोंडात कोंबायचे वय नेमके हेच. पहिले एक-दोन दिवस रक्तस्रावाची आणि श्वास अडण्याची भीती असते, पण तेव्हा डॉक्टर जवळ असतात. पुढचे दोन-तीन आठवडे टाके घरच्यांच्या हवाली. अंगठा, चमच्याची कड, खेळण्याचे टोक, ते उसवायला काहीही पुरते. कोपर वाकू नये म्हणून काही सर्जन हाताला पुठ्ठ्याची नळी बांधून देतात (सगळे देत नाहीत, त्यांच्यातच मतभेद आहेत). आजीला ते बघवत नाही. ‘लेकराचे हात कायले बांधून ठेवले?’ म्हणत ती नळी सोडते आणि रडे थांबावे म्हणून हातात टोस्ट देते. आजीला दोष कसा द्यायचा? सूचना होत्या त्या डिस्चार्ज कार्डावर, इंग्रजीत.

आणि सांगायचे तरी असते केवढे! दूध, गाळलेले वरणाचे पाणी, पातळ पेज वाटीने ओठाशी धरून पाजायची. बाटली, स्ट्रॉ, चमचा आत घालायचा नाही. वर दर वेळी दोन घोट पाणी, म्हणजे टाक्यांना अन्न चिकटून राहत नाही. ताजे रक्त, ताप, तोंडाला घाण वास किंवा पिणेच बंद झाले, की घरगुती उपाय न करता तडक दवाखाना. शस्त्रक्रियेआधीचेही एक आहे: रक्त कमी असलेल्या, खंगलेल्या लेकराची जखम नीट भरत नाही. तारीख मिळण्याआधीच्या महिन्यांत त्याच्या पोटात काय जाते, याचा हिशेब टाक्यांशीच असतो.

टाके उसवले की टाळूला छिद्र राहू शकते. दूध नाकातून येते, पुढे बोलणे गेंगाणे होते. दुसरी शस्त्रक्रिया करायला काही महिने थांबावे लागते, आणि वण धरलेली टाळू शिवणे पहिल्यापेक्षा अवघड. छिद्र न राहताही काही मुले नाकात बोलतात. टाळू दुभंगलेल्या अनेक मुलांच्या मध्यकर्णात पाणी साचून ऐकूही कमी येते. वाचा-उपचार आणि कानाची तपासणी हा टाळूच्या शस्त्रक्रियेचाच भाग आहे. पण टाळू शिवली म्हणजे काम झाले, असे समजून घरचे पुन्हा जात नाहीत, आणि लेकराला शाळेत चिडवू लागले की जागे होतात.

आशाताईंच्या घरभेटींचे सरकारी वेळापत्रक ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांचे आहे. म्हणजे टाळू शिवण्याच्या ऐन वयात त्यांचे पाय त्या घराला लागतातच, भेटीमागे ५० रुपयांत. मोठ्या दवाखान्याने अशा लेकराच्या सुटीची तारीख गावच्या आशाताईला फोनवर कळवावी, आणि मराठीतला एक कागद आजीच्या हाती द्यावा. तालुक्याच्या बैठकीत त्या लेकराचे नाव विचारले जावे. यासाठी ना नवी इमारत लागते, ना नवे पद. मानधन मात्र वाढवावे लागेल, आणि तेही वेळेवर द्यावे लागेल.