बुऱ्हाणपूर : रूळ वाढतील, थांब्याचे काय?

वास्कोहून हजरत निजामुद्दीनला जाणारी गोवा एक्स्प्रेस भुसावळ सोडून खंडव्याकडे निघते, तेव्हा वाटेत तापीकाठचे बुऱ्हाणपूर लागते. याच भुसावळ–खंडवा टप्प्यावर तिसरी व चौथी मार्गिका टाकण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. १३१ किलोमीटरच्या या कामासह एकूण तीन प्रकल्प त्या दिवशी मंजूर झाले आणि त्यांचा एकत्रित खर्च सुमारे ७,९२७ कोटी रुपये आहे. मुंबई–प्रयागराज मार्गावरील कोंडी त्यामुळे कमी होईल, हे उघड आहे. मात्र मार्ग ज्या शहरातून जातो, त्या शहराच्या पदरात काय पडेल, याचे उत्तर बुऱ्हाणपूर स्थानकाच्या इतिहासात शोधावे लागते.

रेल्वे येण्यापूर्वी हे शहर टाळून उत्तरेतून दक्षिणेत उतरणे अवघड होते. फारुकी सुलतानांची ही राजधानी १६०१ मध्ये असीरगड पडल्यावर मोगलांचे दक्षिणेतील प्रमुख ठाणे बनली. १६४१ आणि १६५८ मध्ये येथे आलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जात असल्याचे नोंदवले आहे. तांडे येथे मुक्काम करीत आणि त्या मुक्कामावर बाजार पोसला जाई.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा मार्ग १८७० मध्ये जबलपूरला ईस्ट इंडियन रेल्वेशी जोडला गेला आणि मुंबई–कोलकाता अखंड प्रवास सुरू झाला. हा मार्ग आखताना मुंबई बंदर आणि कापूस डोळ्यांसमोर होता, विणकरांचे शहर नव्हे. स्थानक तटबंदीतील वस्तीपासून सुमारे तीन किलोमीटरवर, लालबागेत उभे राहिले. भुसावळला रेल्वेची मोठी वसाहत वाढली, खंडव्याला इंदूरचा फाटा मिळाला, तर बुऱ्हाणपूर या दोन जंक्शनांमधले एक स्थानक ठरले. जेथे तांडे मुक्कामाला असत, तेथे गाडी काही मिनिटेच थांबू लागली.

तरीही स्थानकाची उत्पादनाशी सांगड बसली, तेव्हा चित्र पालटले. १९०६ मध्ये लालबागेत ताप्ती मिल निघाली. स्वातंत्र्यानंतर याच मार्गावर वृत्तपत्र कागदाच्या कारखान्याभोवती नेपानगर वसले. रुळांच्या कडेला रोजगार उभा राहिला, तेव्हाच रेल्वे या भूमीची झाली. ताप्ती मिलची चाके २०२० च्या टाळेबंदीत थांबली, हेही विसरता येत नाही.

नव्या मार्गिकांचे मोजमाप याच कसोटीवर व्हायला हवे. येथील केळी आणि यंत्रमागांचे कापड गाडीवर चढवण्याची सोय झाली नाही, तर वाढीव क्षमता कोळसा, सिमेंट व कंटेनरच्या गाड्यांनीच भरून जाईल. मंजुरीच्या घोषणेत पर्यटनस्थळांच्या यादीत असीरगडाचे नाव आहे. पण गडाकडे जाणारा प्रवासी बुऱ्हाणपूरला उतरायचा असेल, तर पुरेसे थांबे आणि स्थानकाबाहेर नियमित बस लागेल. पणजीला जायचे म्हणून करमळीला उतरणाऱ्या गोमंतकीयांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

आणखी एक जबाबदारी जमिनीखाली आहे. १६१५ मध्ये बांधलेली कुंडी भंडारा ही भूमिगत जलव्यवस्था लालबागेजवळच असून मार्च २०२४ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आली. सातपुड्यातून झिरपणारे पाणी कुंड्यांच्या रांगेतून शहराकडे नेणारी ही रचना आहे. रुळांसाठी खोदकाम होण्याआधी तिच्या जलवाहिन्यांचा नकाशा अभियंत्यांपुढे असला पाहिजे, कारण फुटलेला झरा नुकसानभरपाईने पुन्हा वाहता होत नाही.

१८७० मध्ये या शहराला कोणी विचारले नव्हते. आज लोकप्रतिनिधी आहेत आणि २००३ पासून बुऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हाही आहे. आराखडे पक्के होण्यापूर्वीच मालधक्का, थांबे आणि जलव्यवस्थेचे रक्षण या मागण्या कागदावर यायला हव्यात. रूळ एकदा पडल्यावर त्यांची दिशा बदलत नाही.