मिरगाच्या आधी गाडीखालचे ठोकळे काढा

पिंगुळी, कुडाळ, नेरूर, पाट, परुळे या भागातल्या जिम्नी, थार आणि जुन्या जिप्सीच्या सगळ्या मालकांना हे कळकळीचं आवाहन आहे. लेथवर कातलेले ठोकळे स्प्रिंगवर किंवा पाट्यांखाली घालून तुम्ही गाडी उचलून घेतली असेल, तर ते मिरग लागायच्या आधी काढून टाका. रस्ते ओले झाल्यावर हे काम पुढे ढकलायला सवड राहणार नाही.

गाडी उंच करावी असं वाटण्यामागची अडचण खोटी नाही. बागेत जाणारी कातळावरची वाट, पाणंदीत पडलेल्या खोल चाकोऱ्या, मध्येच वर आलेला जांभा. काजू-आंब्याची खेप आणताना गाडीच्या पोटाला दगड घासतो आणि माणूस गॅरेजात जाऊन म्हणतो, "वायच उचलून दी." पण दगड नेमका कुठे घासतो ते खाली वाकून बघा. बहुतेक वेळा तो डिफरन्शियलला लागतो. जिम्नी आणि जिप्सी या दोन्ही गाड्यांचे पुढचे-मागचे अ‍ॅक्सल अखंड आहेत, आणि थारचा मागचा. ठोकळा घातला की वरची बॉडी उचलली जाते. अ‍ॅक्सल चाकांना जोडलेला असल्यामुळे तो आणि त्यातला डिफरन्शियल जिथल्या तिथे राहतो. पैसे गेले, गाडी रुबाबदार दिसू लागली, दगड मात्र पूर्वीच्याच जागी लागणार.

डिफरन्शियल वर न्यायचा असेल तर टायर मोठा हवा. त्याचाही हिशेब करून बघा. जिम्नीचा मूळ टायर 195/80 आर 15, व्यास सुमारे 693 मिलिमीटर. 215/75 घातला तर व्यास होतो 704, म्हणजे जमिनीपासूनची उंची वाढते जेमतेम 5 मिलिमीटर. 235/75 घातला तर 20 मिलिमीटर मिळतात, पण टायर मडगार्डच्या आत घासण्याचा धोका येतो आणि स्पीडोमीटर 60 दाखवताना गाडी त्याहून जोरात धावत असते.

आता गमावता काय ते ऐका. नुसते ठोकळे घातले की शॉकअप मूळ लांबीचेच राहतात. ते आधीच ताणलेले असल्याने खड्ड्यात चाक खाली उतरायला जागा उरत नाही आणि ते लवकर हवेत लटकतं. ज्या पकडीसाठी फोर व्हील ड्राइव्ह घेतली, तीच कमी होते. ब्रेकचे रबरी पाइप ताणले जातात. पुढच्या अ‍ॅक्सलचा कॅस्टर कोन बिघडून स्टिअरिंग हलकं आणि भरकटणारं होतं. लॅटरल रॉडमुळे अख्खा अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो. थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे; तिथे शाफ्टचे सांधे तिरके होतात, रबरी बूट फाटतात आणि आत चिखल शिरतो.

सगळ्यात मोठा धोका उलटण्याचा. जिम्नी मुळातच 1645 मिलिमीटर रुंद आणि 1720 मिलिमीटर उंच आहे. तुम्ही तिची उंची वाढवता, चाकांमधली रुंदी तेवढीच राहते. जिप्सीचीच बहीण असलेली सुझुकी सामुराई अमेरिकेत विकली जात होती. 1988 मध्ये तिथल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने ती झटकन वळवताना उलटू शकते असं जाहीर केलं. सुझुकीने हे अमान्य केलं, खटला भरला आणि 2004 मध्ये तडजोड झाली. वाद न उचललेल्या, कारखान्यातून आली तशीच असलेल्या गाडीवर होता, हे ध्यानात घ्या. पावसात महामार्गावर गुरं आडवी आली की स्टिअरिंग किती झटक्यात फिरतं, ते आपल्याकडच्या प्रत्येक चालकाला माहीत आहे.

कायदाही तुमच्या बाजूने नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच बजावलं. कलम 182अ प्रमाणे परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातानंतर विमा कंपनीने न कळवलेल्या बदलाकडे बोट दाखवलं, तर दुरुस्तीचा खर्च तुमच्या अंगावर येईल.

मग बागायतदाराने करायचं काय? बसलेल्या स्प्रिंग आणि गळके शॉकअप बदला. कित्येक जुन्या जिप्सींची गेलेली उंची नवे पाटे आणि बुश घातल्यावरच परत येते. मूळ मापाचेच, पण चिखलात पकड घेणारे टायर घ्या. डिफरन्शियलखाली जाड पत्र्याचं संरक्षण बसवा. किनाऱ्यावर गाडी नेण्यासाठी उंची वाढवायचा विचार असेल तर तो सोडाच. वाळूत रुतण्यावर उंची हा उपाय नाही, आणि वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात.

गॅरेजवाल्या मित्रांनो, गिऱ्हाईक मागतं म्हणून ठोकळे कातून देऊ नका. पुढच्या अ‍ॅक्सलच्या पाट्यांखाली तर कधीच नाही. काढताना ब्रेकचे पाइप आणि यू-बोल्ट तपासा, नंतर अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत जुळवून द्या.

आणि मालकांनो, ठोकळे निघेपर्यंत त्या गाडीतून घरच्यांना घेऊन आंबोली किंवा करूळ घाटात जाऊ नका.