बार्शीचा पुरावा आणि आमची उदासीनता

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने २०२२ साली भारतात सुमारे ८० हजार स्त्रिया दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. एखाद्या साथीने याच्या दहावा हिस्सा बळी घेतले असते, तरी विधिमंडळात तहकुबीच्या सूचना आल्या असत्या. हा रोग घराच्या आतल्या खोलीत निमूटपणे जीव घेतो, म्हणून त्याचा गवगवा होत नाही.

वास्तविक हा रोग वेळीच अडविता येण्याजोगा आहे. एच.पी.व्ही. या विषाणूचा शिरकाव आणि प्रत्यक्ष कर्करोग यांच्यामध्ये बहुधा दहा-पंधरा वर्षांचा अवधी जातो. या काळात वेदना नसते; परंतु चाचणीत धोका कळतो, आणि पेशींत झालेला बदल बहुतेक वेळा लहानशा उपचाराने नाहीसा करता येतो. या गोष्टीचा जगाने मानलेला एक मोठा पुरावा लंडन-न्यूयॉर्कचा नसून बार्शीचा आहे, हे आमच्यातील किती सुशिक्षितांस ठाऊक असेल?

१९९९ साली बार्शीचे कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि ल्याँ येथील कर्करोग संशोधन संस्था यांनी त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटाला विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच देऊ केली, त्यातील सुमारे ३४ हजार स्त्रियांपैकी ३४ या रोगाने गेल्या; ज्यांना अशी तपासणी पुरविली नव्हती, त्या सुमारे साडेएकतीस हजारांपैकी ६४ गेल्या. मृत्यू जवळजवळ निम्मे झाले, आणि तेही एकाच चाचणीने.

त्या दुसऱ्या गटाला तपासणीवाचून ठेवणे न्याय्य होते काय, हा वाद पुढे वैद्यकीय जगात गाजला. तो अनाठायी होता असे आम्हांस वाटत नाही. त्या स्त्रियांच्या मृत्यूंतून जे ज्ञान हाती आले, ते निदान त्यांच्या लेकीसुनांच्या तरी कामी यावयास हवे होते. प्रत्यक्षात काय झाले? मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही, अल्पकाळ शिकविलेल्या आरोग्यसेविकांनी सिरक्यासारख्या द्रावणाने केलेल्या साध्या तपासणीमुळे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ साली जाहीर झाले. २०१६ मध्ये केंद्र सरकारने तीस वर्षांपुढील स्त्रियांच्या तपासणीची योजना आखली. तथापि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी अशी तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या अवघ्या १.९ टक्के.

“बायका लाजतात, त्या येतच नाहीत,” हे अधिकाऱ्यांचे ठराविक उत्तर आहे. धाराशिवच्या खेड्यांत विषाणूच्या चाचणीसाठी बोलावलेल्या शंभरांपैकी जवळजवळ ऐंशी जणी आल्या होत्या. दाराशी जाऊन कोणी नीट समजावून सांगितले, तर शेतमजूर बाईही संकोच बाजूला ठेवते. संकोच अधिक आहे तो आमच्या पुण्यामुंबईच्या सदनिकांत! घरातील कर्त्या पुरुषाची साखर आणि रक्तदाब दर वर्षी मोजले जातात. गृहिणी मात्र पाळी थांबल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला तरी तो अंगावर काढते. शिवाय हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, एवढे कळताच कुजबुज सुरू होते. वस्तुतः तो बहुतेक स्त्री-पुरुषांना केव्हा ना केव्हा गाठतो आणि बहुधा वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. तो सापडणे हा चारित्र्याचा दाखला नव्हे.

लस आली आहे, आता चाचणी कशाला, असेही विचारले जाते. पुण्यात तयार झालेली लस २०२३ साली बाजारात आली, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु लसीचा खरा उपयोग नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना; त्यांच्या आयांना चाचणीच हवी. पस्तिशीत एकदा आणि पंचेचाळिशीत पुन्हा विषाणूची चाचणी व्हावी, आणि २०३० पर्यंत शंभरांपैकी सत्तर स्त्रियांपर्यंत ती पोहोचावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे उद्दिष्ट आहे. आता नमुना स्त्रीला स्वतःही घेता येतो, तेव्हा लाजेची सबबही उरत नाही.

शिबिरांच्या उद्घाटनांची छायाचित्रे आम्ही पुष्कळ छापली. आरोग्य खात्याने आता तालुकावार तीन आकडे दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध करावेत: किती जणींची चाचणी झाली, किती जणींत दोष आढळला आणि त्यांपैकी किती जणींचा उपचार पुरा झाला. तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तोच बहुधा कोणी ठेवीत नाही.