भाजलं? आधी पाणी!

मैत्रिणींनो, परवा कुकरची वाफ हातावर आली नि सासूबाई तूप घेऊन धावल्या. मी मात्र बांगड्या काढून हात नळाखाली धरला, चांगली 20 मिनिटं! तूप, शाई, टूथपेस्ट नको, बर्फही नको. आपली बाह्यत्वचा जंतूंना अडवते. तिच्याखालच्या अंतस्त्वचेत रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी नि वेदना कळवणारे मज्जातंतू असतात. फोड आला तर फोडू नये. खालच्या नाजूक त्वचेचं ते झाकणच असतं. आणि एक पक्कं ध्यानात ठेवा: खूप खोल भाजलं, तर मज्जातंतूच जळतात. मग तिथं दुखतच नाही! म्हणून ‘दुखत नाही, म्हणजे थोडक्यात निभावलं’ असं समजून घरी बसू नका. तडक डॉक्टरांकडे जा.