थांबली की तापते, पळाली की निवते!



परवा एका वाचकमित्राचं पत्र आलं. त्यानं लिहिलंय, "आमच्या बाबांची जुनी गाडी हायवेवर मस्त पळते, पण सिग्नलला अडकली रे अडकली की तापमानाचा काटा वर चढायला लागतो. माणूस पळला की तापतो आणि थांबला की गार होतो. मग गाडीचं असं उलटं कसं?"

आहे की नाही झकास प्रश्न? याचं उत्तर आपण एका इंग्लिश स्पोर्ट्‌स कारकडूनच घेऊ या. कारण ती गाडी जिवापाड जपणाऱ्या लोकांना हाच प्रश्न वर्षानुवर्षं छळत आलाय.

गाडीचं नाव एमजीबी. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डन गावच्या कारखान्यात ती 1962 पासून 1980 पर्यंत बनत होती. पाच लाखांहून जास्त गाड्या तिथून बाहेर पडल्या. ठेंगणी, दोन सीटची, वरचं कापडी छप्पर मागे ढकललं की वारा थेट कानात! तिचं इंजिन 1798 सीसीचं. आणि गंमत बघा, आपली जुनी अ‍ॅम्बॅसेडर आठवते? तिचं 1489 सीसीचं इंजिन याच घराण्यातलं. म्हणजे ही परदेशी पाहुणी नात्यानं आपल्या अ‍ॅम्बॅसेडरची चुलतबहीणच लागते.

आता बॉनेट उघडू. पेट्रोल जळून जी उष्णता निघते, तिचा साधारण तिसरा हिस्सा इंजिनाभोवती फिरणारं पाणी उचलून नेतं. ते पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जातं, तिथे वारा लागून निवतं आणि परत इंजिनात येतं. गाडी पळत असली की समोरून भन्नाट वारा आपोआप मिळतो. पंख्याची खरी गरज पडते ती गाडी उभी असताना.

आणि इथेच घोळ आहे. एमजीबीचा मूळ पंखा पाण्याच्या पंपाच्या पुलीवर बसवलेला, आणि त्याला फिरवतो इंजिनाचाच पट्टा. म्हणजे इंजिन जोरात तर पंखा जोरात, इंजिन मंद तर पंखाही मंद. सिग्नलला इंजिन मिनिटाला आठशे-नऊशे फेरे घेत गुरगुरत असतं, तेव्हा पंखाही आळसावलेला. उलट मोकळ्या रस्त्यावर समोरून फुकटचा वारा येत असताना हा बहाद्दर जिवाच्या आकांतानं फिरतो! शिवाय पंख्याचा वेग दुप्पट केला की त्याला लागणारी शक्ती दुप्पट नाही, आठपट होते. म्हणजे नको तेव्हा तो इंजिनाची ताकद खातो आणि हवा असतो तेव्हा डुलक्या काढतो. आपल्या वाचकमित्राच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं ना?

काटा चढू दिला तर काय होतं? नुसती वाफ निघून भागत नाही बरं का. सिलिंडरचा ठोकळा आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामध्ये एक पातळ गॅस्केट असतं. इंजिन फार तापलं की हेड किंचित वाकतं, गॅस्केट जळतं, पाणी आणि तेल एकत्र होतं. मग इंजिन खोलण्यावाचून गत्यंतर नाही.

म्हणून बरेच मालक विजेवर चालणारा पंखा बसवतात. इंजिनाचा वेग काहीही असो, पाणी ठरावीक तापमानाला पोचलं की थर्मोस्टॅटचा स्विच लागतो आणि पंखा पूर्ण वेगानं सुरू. पाणी निवलं की बंद. "जुन्या गाडीचं रूप बिघडतं," म्हणून काहीजण नाकं मुरडतात. पण खुद्द कारखान्यानंच 1973 मध्ये आठ सिलिंडरच्या एमजीबीला विजेचे दोन पंखे दिले होते. पुढे साध्या एमजीबीवरही विजेचे पंखे आले. माझं म्हणाल तर पंखा खुशाल बदलावा, पण गाडीला नवं भोक पाडू नये आणि जुना पंखा खोक्यात घालून जपून ठेवावा.

मात्र एक सांगतो. पंखा विकत आणण्याआधी रेडिएटर तपासायला हवा. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल, तर बंबाच्या आत पांढरा थर साचलेला पाहिला असेल. रेडिएटरच्या नळ्यांतही तसाच क्षार बसतो. नळ्याच तुंबल्या तर पंखा कितीही दांडगा आणा, तो वारा घालणार कशाला?

आता खरी मजा. विजेचा पंखा चालताना दहा ते पंधरा अँपिअर वीज घेतो, आणि सुरू होताना क्षणभर त्याहूनही जास्त. सुरुवातीच्या एमजीबीला असायचा डायनामो. तो जास्तीत जास्त 22 अँपिअर देणार, तेही इंजिन जोरात फिरत असेल तर. रात्री हेडलाइट, शिवाय प्लगच्या ठिणगीसाठी लागणारी वीज, आणि वर हा नवा पाहुणा! बेरीज करून बघा. त्यातून सिग्नलला इंजिन मंदावलं की डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. म्हणजे दुखणं तेच, फक्त जागा बदलली. आधी पंखा झोपत होता, आता डायनामो झोपतो आणि सगळा भार बॅटरीवर. 1967 च्या अखेरीपासूनच्या एमजीबींना अल्टरनेटर मिळाला. तो मंद वेगातही बरीच वीज देतो. म्हणून डायनामोवाल्या गाडीत पंखा बसवणारे पुष्कळजण पाठोपाठ अल्टरनेटरही बसवतात. एक वस्तू बदलायला जावं, तर ती दुसरीला हाताला धरून घेऊन येते!

एवढा मोठा प्रवाह जुन्या, बारीक तारांतून आणि नाजूक स्विचमधून न्यायचा नसतो. तारा तापतील, वरचं वेष्टण वितळेल. त्यासाठी रिले वापरतात. स्विचचा छोटा प्रवाह रिलेतल्या चुंबकाला जागं करतो आणि तो चुंबक जाड तारेतला मोठा प्रवाह जोडून देतो. त्या जाड तारेला फ्यूज हवाच, आणि तोही बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा.

डायनामोवाल्या एमजीबीत आणखी एक चकवा आहे. त्यांच्यात बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं असतं. नेहमीच्या सवयीनं तारा जोडल्या की पंखा फिरतो खरा, पण उलटा! खेळण्यातल्या मोटरचे सेल उलटे घालून बघा, तसंच. असा पंखा आत येणाऱ्या वाऱ्याशीच झुंजत बसतो, आणि मालक डोकं खाजवतो की नवा पंखा बसवूनही गाडी तापते कशी? ओळखायची युक्ती सोपी आहे. पंखा रेडिएटरच्या मागे असेल, तर समोरच्या जाळीवर वहीचा एक कागद धरायचा. कागद जाळीला चिकटला तर बरोबर, फडफडत दूर गेला तर तारा उलट्या.

पंखा बसवायचा तो भक्कम पट्ट्यांवर. रेडिएटरच्या नळ्यांमधून प्लॅस्टिकचे बंद ओवून अडकवायची एक स्वस्त पद्धत आहे. मला ती मुळीच पटत नाही. थरथरीनं बंद घासतात आणि एक दिवस नळीला भोक पडतं.

तुमच्यापैकी कुणी काका-मामांबरोबर गाडीखाली शिरणारं असेलच, म्हणून हेही वाचा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आतलं पाणी प्रेशर कुकरसारखं दाबाखाली असतं, शंभर अंशांच्या वरही ते न उकळता राहतं आणि झाकण निघताच अंगावर उसळतं. आणि काही गाड्यांत विजेचा पंखा किल्ली बंद केल्यावरही अचानक सुरू होतो, कारण उभ्या इंजिनातली उष्णता पाण्यात उतरतच असते. तेव्हा बोटं आत घालण्याआधी बॅटरीची तार काढायची. एमजीबीत मात्र बॅटरी बॉनेटखाली शोधू नका हं! 1974 पर्यंतच्या गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या, आणि त्या बसवलेल्या असायच्या सीटच्या मागे, जमिनीखाली.