अवयवांवाचून कळलेले

गणिताच्या इतिहासातील एक प्रसंग पुष्कळांना प्रिय आहे. ऑक्टोबर १९०३मध्ये न्यूयॉर्क येथे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले. २चा ६७वा घात करून त्यातून १ वजा केल्यास १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही एकवीस अंकी संख्या मिळते. ती त्यांनी एका बाजूस मांडली. दुसऱ्या बाजूस १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार केला. उत्तरे जुळली. कोल अवाक्षरही न बोलता जागेवर जाऊन बसले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला, असे सांगतात. या शोधात तीन वर्षांचे रविवार गेले, अशीही आख्यायिका आहे.

कथा सुंदर आहे. पण तिने एक गैरसमज रूढ केला. ही संख्या मूळसंख्या नव्हे, हे जगाला त्या दिवशी कळले नाही. १६४४मध्ये मेर्सेन यांनी ती मूळसंख्यांच्या यादीत घातली होती, आणि ती नोंद चुकीची असल्याचे एदुआर लूका यांनी १८७६मध्येच दाखवले होते. तेही एकही अवयव हाती नसताना!

विभाजक न दाखवता हे कसे सांगता येते? लूका यांच्या विचाराला लेहमर यांनी पुढे दिलेले सुटसुटीत रूप पाहा. ४ पासून आरंभ करावा. वर्ग करून २ वजा करावेत. आलेल्या संख्येस तपासावयाच्या संख्येने भागून केवळ बाकी ठेवावी व तिच्यावर पुन्हा तीच क्रिया करावी. ३१ म्हणजे २च्या पाचव्या घातातून १ वजा. तेथे ४ वरून १४, मग १९४ म्हणजे बाकी ८, मग ६२ म्हणजे बाकी शून्य. म्हणून ३१ मूळसंख्या. घात ५ असता क्रिया तीनदा, ६७ असता ६५ वेळा. अखेरीस शून्य न उरल्यास संख्या मूळ नव्हे.

कोल यांचे उत्तर गुणाकार येणारा कोणीही कागदावर पडताळू शकतो; हा त्याचा गुण मोठाच. लूका यांचा निष्कर्ष स्वीकारण्यास मात्र त्यामागील सिद्धान्त समजून घ्यावा लागतो. तरीही, पाठ्यपुस्तकांनी कोल यांना नायक करून लूका यांना एका ओळीत आटोपावे, हे मला मान्य नाही. अवयव आहेतच, ही हमी आधी मिळालेली होती. तिच्याशिवाय इतके रविवार कोणी पणास लावले असते? शिवाय शोधही आंधळा नव्हता. या संख्येच्या कोणत्याही विभाजकास १३४ने भागले असता बाकी १च उरते, हे सिद्धान्तानेच ठरवून दिले होते. १९३७०७७२१ला भागून पाहा.

२च्या १२७७व्या घातातून १ वजा केल्यास ३८५ अंकी संख्या येते. ती मूळसंख्या नाही, हे निर्विवाद सिद्ध झाले आहे. तिचा १ व ती स्वतः यांखेरीज एकही विभाजक अद्याप कोणास सापडलेला नाही.