कलिन्याचं स्थानक आणि गोवंडीची मुलगी

ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबईची भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत सलग धावू लागली. साडेतेहतीस किलोमीटरचा मार्ग, २७ स्थानकं आणि ३७ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च. या मार्गाची चर्चा झाली ती आरेतली झाडं, कारशेडचा वाद, श्रेयाची लढाई आणि स्थानकांच्या नावांवरून. एका गोष्टीकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचे दोन्ही परिसर या मार्गाने पहिल्यांदाच एका गाडीने जोडले गेले. फोर्टच्या परिसरासाठी हुतात्मा चौक आणि चर्चगेट, तर कलिन्यासाठी सांताक्रूझ आणि बीकेसी यांच्या मधलं स्थानक.

आराखड्यात या मधल्या स्थानकाचं नाव विद्यानगरी होतं. २०२४मध्ये ते सुरू झालं तेव्हा पाटीवर ‘वांद्रे कॉलनी’ आलं. नाव बदलल्याने स्थानक काही हललं नाही. पण म्हसळ्याहून, रत्नागिरीहून किंवा पालघरहून पदवीच्या कागदांसाठी पहिल्यांदा कलिन्याला येणाऱ्या पोराला आपण कुठे उतरायचं हे नकाशावरून कळण्याची सोय त्यात गेली. विद्यापीठाचा परीक्षा विभाग आणि दूरशिक्षणाचं केंद्र कलिन्यातच आहे. मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या विद्यार्थ्यांना कधी ना कधी इथे यावंच लागतं. त्यांच्यासाठी ‘विद्यानगरी’ हा पत्ता होता.

तरीही हा लेख नावाविषयी नाही. नावांवर आपण पुष्कळ भांडलो आहोत. प्रश्न असा आहे की विद्यापीठाजवळ स्थानक होतं तेव्हा ते नेमकं कुणाच्या जवळ येतं?

मुस्लीम घरांत मुलीचं शिक्षण थांबलं की बहुतेक वेळा एकच वाक्य कानी येतं, ‘कॉलेज लांब आहे.’ बाहेरचे लोक याचा अर्थ धर्माशी लावून मोकळे होतात. आपल्यातलेही काही जण ‘जमाना खराब आहे’ म्हणत त्याला दुजोरा देतात. पण ‘लांब’ या शब्दाचा हिशेब कुणी मांडत नाही. त्यात किलोमीटर कमी आणि इतर गोष्टी जास्त असतात. कुर्ल्याला उतरल्यावर शेअर रिक्षाच्या रांगेत किती वेळ जातो, रिक्षात कोण शेजारी बसतं, संध्याकाळचं लेक्चर सुटल्यावर बस मिळते का, रस्त्यावर दिवे आहेत का, रोजचे पैसे किती लागतात आणि उशीर झाला तर घरी फोन लागतो का? या सगळ्याची बेरीज म्हणजे ‘लांब’.

ही केवळ आपल्या मोहल्ल्याची कहाणी नाही. अर्थतज्ज्ञ गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा यावर अभ्यास केला आहे. रस्त्यावरची छेडछाड टाळता यावी म्हणून मुली गुणवत्तेने बऱ्याच खालच्या कॉलेजात प्रवेश घ्यायला तयार होतात, सुरक्षित वाटणाऱ्या मार्गासाठी मुलांपेक्षा जास्त पैसेही मोजतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे गुणपत्रिका चांगली असूनही मुलगी कोणत्या कॉलेजात जाणार, हे बसचा मार्ग ठरवतो. यात हिंदू-मुस्लीम असा भेद नाही. पण ज्या घरात मुलीने शिकावं की नाही यावरच अजून वाद चालू आहे, तिथे खराब रस्ता नकार देणाऱ्याच्या हातात आयतं कारण देतो.

आता नकाशा समोर ठेवू. मुंबईतली मोठी मुस्लीम वस्ती कुठे आहे? गोवंडी, शिवाजीनगर, मानखुर्द, चिता कॅम्प, कुर्ला, मुंब्रा, कौसा. ही सगळी पूर्वेची किंवा हार्बरची बाजू. भुयारी मेट्रो जाते ती उत्तर-दक्षिण. विमानतळ, बीकेसी, वरळी, गिरगाव करत. कफ परेडचा किंवा अंधेरी एमआयडीसीचा माणूस आता कलिन्याला सहज पोहोचतो. गोवंडीच्या मुलीला मात्र पूर्वीसारखंच लोकलने कुर्ल्याला उतरायचं आणि पुढे रिक्षा किंवा बेस्टची बस धरायची. मुंब्र्याच्या मुलीचंही तेच. मंडाळे ते डी. एन. नगर हा उन्नत मेट्रो मार्ग मानखुर्दकडून चेंबूर, कुर्ला करत बीकेसीला येतो. तो संपूर्ण धावू लागेल तेव्हा तिला बीकेसीला मार्ग बदलून कलिन्याच्या स्थानकावर येता येईल. म्हणजे नकाशावर वाट तयार होते आहे. ती परवडेल का, हा पुढचा प्रश्न.

भारतीय रेल्वे मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत घर ते शिक्षणसंस्था असा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत देते. त्यात मदरशाचे विद्यार्थीही धरले आहेत. आपल्यातल्या किती पालकांना हे ठाऊक आहे? एसटीमध्ये विद्यार्थ्यांना सवलतीचा पास आहे आणि मार्च २०२३पासून सगळ्याच महिलांना निम्मं तिकीट आहे. मुंबईच्या मेट्रोत काय? दहिसर-अंधेरी भागातल्या २अ आणि ७ या मार्गांवर २०२३मध्ये विद्यार्थ्यांसाठी २५ टक्के सवलत जाहीर झाली, ती पहिली ते बारावीपर्यंत. भुयारी मार्गाचं भाडं १० रुपयांपासून ७० रुपयांपर्यंत आहे. मे २०२५मध्ये या मार्गाचा दुसरा टप्पा सुरू झाला, त्याच दिवसांत बेस्टचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० रुपये झालं.

बारावीला सवलत थांबते आणि विद्यापीठ तर बारावीनंतरच सुरू होतं. आपल्याकडे मुलींचं शिक्षणही नेमकं इथेच थांबतं. दहावी-बारावीचे निकाल लागले की मुस्लीम मुलींच्या यशाच्या बातम्या येतात, जमाती-संघटना सत्कार घेतात, ट्रॉफ्या वाटतात. त्यातल्या किती मुली पुढे कलिन्याच्या वर्गात दिसतात? २०२०-२१च्या अखिल भारतीय उच्चशिक्षण सर्वेक्षणात देशातल्या एकूण विद्यार्थ्यांत मुस्लिमांचं प्रमाण ४.६ टक्के होतं. २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्येत ते १४.२ टक्के आहे. त्याआधीच्या वर्षीच्या तुलनेत संख्याही घटली होती. महामारीचं वर्ष होतं, हे खरं. पण घट सगळ्यांची झाली नव्हती.

कुणी म्हणेल, मेट्रो आधीच कर्जात आहे, सवलती कुठून द्यायच्या? प्रश्न योग्य आहे. त्याचं उत्तर पुण्यात आहे. पुणे मेट्रो विद्यार्थ्यांना ३० टक्के सवलत देते आणि त्यात महाविद्यालयीन विद्यार्थीही येतात. शिवाय दुपारच्या वेळी गाडी अर्धी रिकामी धावतच असते. त्यात विद्यार्थी बसल्याने खर्च वाढत नाही. उलट जो आज परवडत नाही म्हणून चढतच नाही, तो सवलतीच्या भाड्यात का होईना, प्रवासी होतो. पाच वर्षं पास काढून सवय लागलेला विद्यार्थी नोकरी लागल्यावर पूर्ण तिकीट काढणारा प्रवासी होतो, हेही विसरू नये.

दुसरा आक्षेप विद्यापीठांच्या आतून येतो. स्थानक आलं की गर्दी येते, बाहेरचे लोक येतात, शांतता जाते. ढाका विद्यापीठाच्या परिसरातून मेट्रो नेण्याला तिथल्या विद्यार्थ्यांनी २०१६मध्ये विरोध केला होता. अखेर डिसेंबर २०२३मध्ये विद्यापीठाचं स्थानक सुरू झालंच. आवाज, वारसावास्तू, मोकळी जागा यांची काळजी रास्त आहे. पण ‘बाहेरचे लोक’ हा आक्षेप मला मान्य नाही. सार्वजनिक विद्यापीठ लोकांच्या करातून चालतं. तिथे पोहोचणं अवघड ठेवून शांतता राखायची असेल, तर ती शांतता कुणाच्या पैशावर आहे हेही सांगायला हवं.

तिसरी गोष्ट अधिक अवघड आहे. दिल्लीत जामिया मिल्लिया इस्लामिया या नावाचं मेट्रो स्थानक डिसेंबर २०१७पासून आहे. ओखल्याच्या मुलामुलींना त्याचा मोठा फायदा झाला. पण डिसेंबर २०१९मध्ये नागरिकत्व कायद्याविरोधात आंदोलन पेटलं तेव्हा याच स्थानकाचे दरवाजे बंद करण्यात आले. विद्यापीठाच्या दारातलं स्थानक हे येण्याचं साधन असतं, तसंच ते अडवण्याचंही असू शकतं. यावर उपाय स्थानक नाकारणं हा नाही. सार्वजनिक वाहतूक बंद करायची तर किती वेळ, कुणाच्या लेखी आदेशाने आणि कोणतं कारण देऊन, हे नियमाने ठरलेलं असावं, एवढी मागणी कोणत्याही नागरिकाने करावी.

इथे थोडं आपल्याकडेही पाहिलं पाहिजे. २००६च्या सच्चर समितीच्या अहवालातलं आरक्षण आणि गरिबीचं प्रकरण आपल्याला पाठ आहे. त्याच अहवालात असंही नोंदवलं होतं की मुस्लीम वस्ती जास्त असलेल्या गावांत पक्के रस्ते आणि बसथांबे यांची वानवा आहे. बसथांबा! मागासलेपण मोजताना समितीने बसथांबा मोजला, आपण मात्र तो कधीच मागितला नाही. रस्ता रुंदीकरणात एखादी दर्गाह किंवा कब्रस्तानची भिंत येणार म्हटलं की रातोरात शिष्टमंडळ तयार होतं, वकील उभा राहतो, आमदार येतात. त्यात गैर काही नाही. पण बेस्टचा मार्ग बंद झाला, कुर्ल्याहून कलिन्याला जाणारी बस कमी झाली, म्हणून एखाद्या मशिदीच्या ट्रस्टने किंवा जमातीने निवेदन दिल्याचं निदान माझ्या ऐकण्यात नाही. मेट्रोच्या आराखड्यांवर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा बिल्डर, व्यापारी, सोसायट्या आपलं म्हणणं मांडतात. गोवंडीचं म्हणणं त्या फायलीत कुणी टाकायचं?

मागण्या फार मोठ्या नाहीत. महाविद्यालयीन आणि विद्यापीठीय विद्यार्थ्यांना मुंबईच्या सगळ्या मेट्रो मार्गांवर एकच सवलतीचा पास मिळावा. मुलींना तो रेल्वेप्रमाणे किमान पदवीपर्यंत मोफत असावा. कुर्ला स्थानक ते कलिना परिसर अशी बस संध्याकाळच्या शेवटच्या लेक्चरच्या वेळेशी जुळवून सोडावी. स्थानकापासून विद्यापीठाच्या गेटपर्यंतचा पदपथ चालण्याजोगा आणि उजेडाचा असावा. भुयारी मार्ग सुरू झाला तेव्हा मोबाइल लागत नाही अशा तक्रारी झाल्या होत्या. घरी ‘निघाले’ असा फोन करणाऱ्या मुलीसाठी ती चैन नव्हे, तेव्हा संपूर्ण मार्गावर ती सोय पक्की करावी. आणि पाटीवर वांद्रे कॉलनीखाली ‘मुंबई विद्यापीठ’ एवढे दोन शब्द लिहावेत. त्याला तर खर्चही फारसा नाही.

यातलं काहीही केवळ मुस्लिमांसाठी मागितलेलं नाही. धारावीच्या दलित मुलीला, वाकोल्याच्या घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलाला, पालघरच्या आदिवासी विद्यार्थ्याला त्याचा तेवढाच उपयोग आहे. म्हणूनच ही मागणी आपण पुढे होऊन करायला हवी. धर्माच्या नावाने मागितलं की लांगूलचालनाचा आरोप होतो. विद्यार्थी म्हणून, प्रवासी म्हणून मागितलं तर सोबत येणारे अनेक आहेत.

जून महिना आला की पुन्हा सत्कार होतील. यंदा ट्रॉफीचे पैसे वाचवून त्यातून बारावी झालेल्या मुलींचे वर्षभराचे प्रवासाचे पास काढून द्या. सरकारची सवलत येईल तेव्हा येईल. कलिन्यापर्यंतची पहिली फेरी तोवर जमातीच्या पैशाने होऊ शकते.